आडवा ताण

टक् असा आवाज झाला आणि खिटी तुटून माझ्या बोटांत राहिली. सकाळचे साडेसात वाजले होते. ताईच्या पंपातली औषधाची रिकामी पिशवी काढायची, नवी बसवायची, वरून खिटी दाबून बंद करायची, एवढंच काम. गेली चार वर्षं रोज सकाळी मी ते करतो आणि करता करता दाढीचा, इस्त्रीचा, कसलाही विचार करू शकतो. हा पंप ताईच्या छातीत गेलेल्या बारीक नळीतून चोवीस तास औषध सोडत असतो, थेंबाथेंबाने, आणि ते थांबून चालत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाच मिनिटं म्हणजे पाच, सहावं नको. पंप ओरडायला लागला. मी खिटीचे दोन तुकडे जुळवून अंगठ्याने दाबून धरले आणि तसाच उभा राहिलो. तीस वर्षं वस्तू तोडून बघण्याचाच पगार घेतलेला माणूस मी, आणि तुटलेलं दाबून धरलं की पुन्हा एक होईल असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. शेवटी ताईच उठली. कपाटातून अडीअडचणीसाठी ठेवलेलं जोडीचं मशीन काढलं, पिशवी त्यात बसवली, नळी जोडली, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "अरे छोट्या, अंगठा काढ आता. पांढराफटक पडलाय." मी सत्तावन्न वर्षांचा आहे. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, त्यामुळे छोट्या हे नाव काही सुटत नाही. "दांडगाईने दाबलीस काय रे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "हो, जरा जोरात दाबली गेली." इतक्या पटकन म्हणालो, की खोटं बोलायचं ठरवायलाही मला वेळ मिळाला नव्हता.

तुकडे मी रुमालात गुंडाळून खिशात घातले. कामाची जागा चालत पंचवीस मिनिटांवर आहे आणि एरवी तो माझा दिवसातला सगळ्यात बरा वेळ असतो. आज पाय उचलत होते, पण मी मागेच कुठेतरी राहिलो होतो. तुटलेला भाग मी निसटता पाहिला होता आणि तेवढं पुरेसं होतं. साधं प्लॅस्टिक तुटताना आधी ओढलं जातं, पांढरं पडतं, कुरकुरतं, आपण तुटणार आहोत हे चारचौघांना सांगत तुटतं. हे तसं नव्हतं. वाळलेलं लाकूड उभं चिरावं तशी ही खिटी दुभंगली होती, कडेला बारीक धागे सुटलेले, आणि तेही खिटी ज्या खिळीवर फिरते तिच्या भोकाच्या बरोबर मागे. हे मटेरियल मी ओळखतो. ओळखतो काय, नऊ वर्षांपूर्वी मीच ते तपासलं आणि ह्याच खिटीसाठी पास केलं. ताईला हे माहीत आहे. दवाखान्यात तपासणीला जाते तिथल्या बाकावर शेजारी कुणी नवीन पेशंट घाबरलेली दिसली, की ही पंप थोपटून सांगते, "ह्यातला नाजूक भाग माझ्या भावाने तपासलाय. काही होत नाही." मी शेजारी बसून छताकडे बघतो आणि मनातून फुलतो. माणसाला कौतुक नको असतं हे सगळं झूट आहे.

ह्या मटेरियलच्या मी प्रेमात होतो, हे कबूल करून टाकतो. सगळीच प्लॅस्टिकं रेणूंच्या लांबलचक साखळ्यांची बनलेली असतात, पण साध्या प्लॅस्टिकमधल्या साखळ्या लवचीक, एकमेकींत अडकलेल्या, सगळा नुसता गुंता. ह्याच्यातल्या साखळ्या ताठ. वितळवल्या तरी ताठ, पातळ झाल्या तरी एकमेकींना समांतर, द्रवातसुद्धा शिस्त सोडत नाहीत. साच्यात ढकललं की ज्या दिशेने प्रवाह जाईल त्या दिशेला सगळ्या तोंड करतात आणि तशाच थिजतात. पहिल्यांदा मी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा दुपारचं जेवण विसरलो होतो. लहानपणी शाळेत जायच्या आधी ताई माझे केस विंचरायची, पाणी लावून, फणी इतकी जोरात ओढायची की डोळ्यांच्या कडा ताणल्या जायच्या, आणि मग मागे सरून बघायची, एकही केस आडवा नाही ना. नाकासमोर चालणारा मुलगा असं सगळे म्हणायचे आणि मी खरोखरच नाकासमोर चाललो. एक शाळा, एक नोकरी, एक रस्ता, लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. ताई आजारी पडून माझ्याकडे राहायला आली तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. चार वर्षांत भांडण नाही. भांडायला थोडं एकमेकांत अडकावं लागतं. लांबीच्या दिशेने ओढा, ह्या मटेरियलची पट्टी तुम्हाला दमवेल. आडवं ओढलं की वेगळी गोष्ट. आडव्या दिशेला साखळ्या नुसत्या एकीशेजारी एक पडलेल्या असतात, धरलेलं कुणीच कुणाला नसतं. हे आमच्यातल्या कुणालाही विचारा, झोपेतून उठवून विचारा, कुणीही सांगेल. मीही सांगितलं असतं.

खिट्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अजून कुणी आलं नव्हतं. मी तुटलेल्या कडेला लागून पातळ काप घेतला, तिसऱ्यांदा नीट आला, आणि तो काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघितला. भोकाच्या दोन्ही बाजूंनी आलेले प्रवाह उजळ दिसत होते आणि ते जिथे पुन्हा भेटले होते तिथे मधोमध काळी रेघ. काच फिरवली, तसे दोन्ही बाजूंचे भाग विझत गेले आणि रेघ उजळली. म्हणजे रेघेतल्या साखळ्या वेगळ्याच दिशेला पडलेल्या होत्या, रेघेच्याच बाजूने, उभ्या. साच्यात भोकाच्या जागी खुंटी असते. प्रवाह खुंटीपाशी दुभंगतो, वळसा घालतो, पलीकडे भेटतो. साध्या प्लॅस्टिकच्या साखळ्या त्या भेटीत एकमेकींत घुसतात, गुंततात, सांधा जमतो. ह्या ताठ साखळ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात आणि पलीकडे एकही जात नाही. बाहेरून खिटी अखंड, गुळगुळीत, नखालासुद्धा काही लागत नाही. आणि रोज सकाळी अंगठा जिथे दाबतो, तो ताण बरोबर त्या रेघेवर आडवा येतो. मी डोळा उचलला आणि पुन्हा लावला. ह्याचा अर्थ मला कळत होता आणि तरीही, हे लिहायला लाज वाटते, ते दिसत होतं सुंदर.

मग मी जुन्या नमुन्यांचं कपाट उघडलं. आमच्याकडे तोडलेला प्रत्येक नमुना पाकिटात घालून ठेवायची पद्धत आहे, आणि ही शिस्त मीच लावलेली, सगळे त्यावरून माझी टिंगल करतात. पाकीट सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. वर माझं अक्षर, शाळेतल्यासारखं सरळ. त्या वेळी सपाट पट्ट्यांचे आकडे असे आले होते, की खात्यातली माणसं मुद्दाम बघायला आली होती. पट्टीत भोक नसतं, प्रवाह एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्या टोकाला जातो, सगळ्या साखळ्या एका दिशेला. त्यानंतर नियमाप्रमाणे खऱ्या खिट्यांमधून सात तुकडे कापून मशीनला लावले. मशीनचे दोन जबडे तुकड्याची दोन टोकं पकडतात आणि ओढतात. दोन तुकडे बरे निघाले. पाच तुकडे पट्टीच्या पाचव्या हिश्श्याच्या ताणालाच गेले. आता आमच्या धंद्यात एक पळवाट आहे, आणि ती प्रामाणिक पळवाट आहे: जबड्याचे दात तुकड्यात रुतून तो तिथेच तुटला तर तो निकाल धरायचा नाही, कारण तो दोष पकडीचा, मटेरियलचा नाही. तुकडे नखाएवढे होते. भोक जबड्यापासून केसभर अंतरावर. मी पाचही तुकड्यांपुढे लिहिलं, जबड्यात तुटला. पाच बाद, दोन पास. नऊ वर्षं मी हे असंच आठवत आलो होतो, म्हणजे मुळात आठवतच नव्हतो.

पाकीट मी पांढऱ्या कागदावर उलटं केलं. जबड्याच्या दातांचे ठसे पुसले जात नाहीत. पाचही तुकड्यांवर ते स्वच्छ होते, खवल्यांसारखे, आणि तुटलेली कड पाचही तुकड्यांत त्या ठशांपासून दूर होती. केसभरच, पण दूर. भिंगातून बघायचीही गरज नव्हती. चुकून झालं म्हणायला मी तयार होतो. सत्तावन्नाव्या वर्षी एक चूक पदरात घ्यायला काही हरकत नाही, माणूस आहे, नजर हुकते. पण मला आवाज आठवला. जबड्यात तुकडा तुटतो तेव्हा आधी करकर होते, दात घुसत असतात ना. त्या दिवशी करकर झाली नव्हती. टक् झालं होतं, पाच वेळा, कोरडं, आज सकाळसारखं. पहिल्या वेळी मी दचकलो होतो. तिसऱ्या वेळी मी आवाज यायच्या आधीच लिहायला पेन उचललं होतं. म्हणजे कानाला कळलं होतं. हाताला कळलं होतं. मला काय हवं होतं तेव्हा? बढती नको होती, घाई नव्हती, कुणाचं दडपण नव्हतं. मला फक्त ते मटेरियल जसं मला वाटत होतं तसं हवं होतं. पट्टीच्या आकड्यांनी मी हरखलो होतो आणि पाच नखाएवढ्या तुकड्यांनी त्यात खोट काढलेली मला चालणार नव्हती. एवढंच. इतक्या छोट्या कारणाचं मी काय करू, हे मला अजून कळत नाही.

ताईला फोन केला. जोडीच्या मशीनलाही तीच खिटी होती, हे मला इतका वेळ सुचलंही नव्हतं, नुसता तुकड्यांवर मान घालून बसलो होतो. "खिटीला अजिबात हात लावू नकोस. दवाखान्यातून दुसऱ्या बनावटीचं मशीन घेऊन नर्स निघाल्यात, मी बोललोय त्यांच्याशी."

"का रे? चालतंय की चांगलं."

"सकाळी माझ्या दाबण्याने नाही तुटली ती. ती खिटीच वाईट आहे. सगळ्याच वाईट आहेत. आणि मी ते लपवलं, ताई. तेव्हा."

पलीकडे पंपाचा बारीक गुरगुर आवाज ऐकू येत होता. मला वाटलं ती म्हणेल, असू दे रे, होतं असं. ती म्हणाली, "मग मी चार वर्षं त्या बायकांना काय सांगत बसले होते?" आणि थोड्या वेळाने, "माझी ती नंबरांची वही कुठे ठेवलीयस? मला एकेकीला कळवायला हवं." मी म्हणालो, फडताळात, वरच्या कप्प्यात. तिने फोन ठेवला. अच्छा वगैरे काही नाही.

दहाला बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या खातेप्रमुख. नऊ वर्षांपूर्वी त्या माझ्या हाताखाली शिकायला आल्या होत्या, आता मी त्यांच्या हाताखाली आहे. चारचौघांत मी अहो-जाहो करतो आणि एकटे असलो की जीभ आपोआप तू म्हणते. मी त्यांच्या टेबलावर आजचे दोन तुकडे, जुने पाच तुकडे आणि काचेवरचा काप ओळीने मांडून ठेवले. त्यांनी भिंग घेतलं, प्रत्येक तुकडा दोन-दोनदा बघितला.

"मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला, सर. पाचही जबड्यात कसे तुटतील म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मशीनला विचार. सगळे हसले होते."

मला हसणं आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. "त्यानंतर मीही विचारणं सोडून दिलं," ती म्हणाली, आणि उठून कपाटातून एक फाइल काढली. खिटी तुटल्याच्या तीन तक्रारी दोन वर्षांत आल्या होत्या. मला कुणी दाखवल्या नव्हत्या, कारण दाखवायचं कारणच नव्हतं. निकाल पास होता, मटेरियल भक्कम होतं, तेव्हा चूक वापरणाऱ्याचीच. तिन्ही तक्रारींवर बाईंची सही आणि एकच शेरा: जास्त जोर लावल्यामुळे तुटली. दोन ठिकाणी जोडीचं मशीन हाताशी होतं, निभावलं. तिसऱ्या ठिकाणी जोडीचं मशीन त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं. पेशंट बाई, वय एकसष्ट. पिशवी बदलत होता तो नवरा. आमचं पत्र त्याच्याच नावाने गेलं होतं, त्याची प्रत फाइलला होती, चार सभ्य वाक्यं: तपासणीअंती खिटीत कोणताही दोष आढळला नाही, वापरताना जास्त जोर लावल्याने ती तुटली असावी, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मी ते उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. एक बाई गेली, आणि खापर आम्ही तिच्या नवऱ्यावर फोडलं, टपालाने.

बाईंनी तोवर फोन उचलला होता. माल थांबवा, गोदामातला एकही डबा बाहेर नको, पंपवाल्या कंपनीला आत्ता कळवा, घराघरांत मशीनं आहेत ती बदलायची आहेत. ती भराभर बोलत होती, आवाज स्वच्छ होता, आणि फोन ठेवल्यावर तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "सगळं बाहेर येईल आता. तुमचं येईल, माझंही येईल. येऊ दे," ती म्हणाली. मी पत्रावरचा फोन नंबर कागदावर उतरवून घेत होतो. तिच्या लक्षात आलं. "सर, वकिलांशी बोलल्याशिवाय कुणाला फोन करायचा नाही. हे मी खातेप्रमुख म्हणून सांगतेय."

"वकील काय म्हणतील?"

"थांबा म्हणतील."

"किती दिवस?"

तिने पुढचा फोन लावायला घेतला. मला पुन्हा अडवलं नाही. मी कागद घेऊन बाहेर आलो, नमुन्यांच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. अकरा वाजून गेले होते. नंबर लावताना एकदा चुकला. दुसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा मला वाटलं, उचलू नये कुणी. इतकं मनापासून मी आयुष्यात काही मागितलं नसेल.

"हॅलो," वयस्कर आवाज, थोडा चढलेला, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. मी कुठून बोलतोय ते सांगितलं, पंपाची खिटी म्हणालो, पुढचं मनात जुळवून ठेवलं होतं, पण ते मधेच म्हणाले, "हो हो, माझ्या हातून तुटली ती. पत्र आलं होतं तुमचं." पत्ता सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं. "माझा हातच जड आहे हो. जन्म गॅरेजात गेला, नटबोल्टचे पाने फिरवण्यात. हिच्या मशीनला हात लावायचो तेव्हा ही म्हणायचीच, हळू, ट्रक नाहीये तो. तुमची काही चूक नाही त्यात. काही सही वगैरे हवी होती का?"

"नाही. सही नको," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तुमच्या हातून तुटली नाही ती. तुम्ही कितीही हळू दाबली असती तरी तुटली असती. खिटीत दोष होता. नऊ वर्षांपूर्वी तपासताना तो मला दिसला होता आणि मी तो लिहिला नाही. तुम्हाला आलेलं पत्र खोटं आहे. माझ्यामुळे खोटं आहे."

भांडी वाजायची थांबली होती, की मलाच ऐकू येईनासं झालं होतं. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या. त्यांनी विचारलं, "पुन्हा सांगा. जरा मोठ्याने सांगा." मी पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द, मोठ्याने. दाराबाहेरून कुणी गेलं असेल तर त्यालाही ऐकू गेलं असेल.

"म्हणजे खिटी चांगली असती," ते एकेक शब्द ठेवत म्हणाले, "तर ही असती."

"हो," मी म्हणालो. "असत्या."

फोन त्यांनी बंद केला नाही, कशावर तरी आडवा ठेवला, लाकडाचा आवाज झाला. मग पावलं, दूर जाणारी. मग त्यांचा आवाज, लांबून, "आण गं तिला इकडे."

"कुणाला?" एका बाईचा आवाज, तरुण.

"छकुलीला. आण, दे माझ्याकडे."

"बाबा, तुम्ही तर तिला कधीच... आठ महिन्यांची झाली, एकदा घेतली नाहीत. मीच म्हणत होते ना तुम्हाला, घ्या, तुमच्या हातून काही होत नाही तिला. कुणाचा फोन आहे?"

"आधी दे. मग सांगतो. हात धुतलेत मी."

थोडा वेळ कापडाची सळसळ, बांगड्या, कुणीतरी खुर्ची ओढली. मग ते मूल भोकाड पसरून रडायला लागलं, परक्या हातात गेल्यावर रडतात तसं, आणि त्यावर म्हाताऱ्याचा घोगरा आवाज, नाही रे नाही, नाही रे नाही, आणि मग तोही तुटला आणि दोघंही रडू लागले. मुलगी विचारत होती, बाबा, अहो बाबा, झालं काय? मी फोन कानाला घट्ट लावून बसून राहिलो. माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं.